अर्धी झडती

स्विचच्या कारखान्यातल्या बायका तिला एक्सरेमावशी म्हणत. तोंडावर नुसतं मावशी, पाठीमागे पूर्ण नाव. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. बावीस वर्षं ती त्या कारखान्याच्या बायकांच्या दारावर झडती घेत होती. विजेच्या स्विचच्या आत, जिथे दोन पत्रे एकमेकांना टेकतात, तिथे चांदीचा एक ठिपका असतो, मसुराच्या दाण्याएवढा. सुटीची घंटा झाली की बायका एकेक करून पडद्याआड यायच्या, हात वर करायच्या आणि मावशीचे तळवे खांद्यापासून घोट्यापर्यंत सरसर उतरायचे. अंबाड्यात, चपलेच्या तळव्यात, पदराच्या दुमडीत, एकदा तर एकीच्या किडक्या दाढेत तिने ठिपका शोधून काढला होता. काही नसलं तर ती दोनच शब्द बोलायची, "चल, पुढे." त्या दोन शब्दांसाठी बायका श्वास रोखून उभ्या राहायच्या.

नवीन मुली हाताखाली आल्या की ती त्यांना दोन नियम शिकवायची, आणि घरी जेवतानाही तेच पुन्हा पुन्हा ऐकवायची. पहिला, बंद पाकीट सापडलं तर ते ज्याचं आहे त्याच्यासमोरच फोडायचं. दुसरा नियम तिने स्वतः घडवलेला होता आणि तो सांगताना ती जरा ताठ व्हायची. "एक सापडलं म्हणजे अर्धं सापडलं. चोरटी एक ठिपका मुद्दाम आपल्या हाताला लागेल असा ठेवते. आपण खूश होतो आणि हात काढून घेतो. सापडल्यावर खरी झडती सुरू होते, पोरींनो."

आता असं आहे, की माणूस बावीस वर्षं दिवसाचे आठ तास संशय घेतो तेव्हा तो संशय काही कारखान्याच्या दारावर टांगून घरी येत नाही. भाजीवाल्याचा तराजू, शेजारणीचं हसू, पाहुण्यांची लवकर निघायची घाई, सगळ्यात तिला काहीतरी लपवलेलं दिसायचं. नवरा होता तोवर त्याचे खिसे रोज तपासले जात. बिचारा जगातून गेला तेव्हाही खिसे रिकामेच होते. मुलगा मोठा झाला, लांब पल्ल्याचा ट्रक चालवायला लागला आणि आठवड्यातून दोन दिवस घरी दिसू लागला. मग तीन वर्षांपूर्वी घरात सून आली, आणि मावशीच्या हातांना घरीही काम मिळालं.

सून चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून चौकटीत बसवायची. बारीक कामाची, बारीक आवाजाची मुलगी. तिच्यात खोड म्हणावी तर एकच होती. दर महिन्याला दोन-तीन दिवस ती पोट धरून पडायची. गरम पाण्याची पिशवी पोटाशी, गुडघे छातीशी आणि तोंडाने अवाक्षर नाही. पहिल्या वर्षी मावशीने ते सोसलं. दुसऱ्या वर्षी तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली. नेमकं त्याच आठवड्यात पंखे पुसायचे असतात? नेमकी त्याच दिवशी नणंद येणार असते? मावशीनेही महिन्याचे दिवस काढले होते. दुखायचं, पण ओठ चावून ती कारखान्याच्या दारावर उभी राहायचीच.

एकदा सुनेने धीर करून सांगितलं होतं. "आई, हे नेहमीचं दुखणं नाही हो. पायातली ताकद जाते. बसताना, उठताना, संडासला जातानासुद्धा आतून कोणी ओढतंय असं वाटतं."

मावशी भांडी पुसत होती. तिने मान वरही केली नाही. "आमच्या दारावर रोज दहाजणी पोट धरून येतात," ती म्हणाली. "नऊजणींच्या कमरेला काहीतरी बांधलेलं असतं."

हे अगदीच खोटं नव्हतं. पण त्या दहातली दहावी मावशी कधी मोजायची नाही. लांब वेणीवाली एक कामगार होती. तिच्या पोटाशी मावशीच्या हाताला काहीतरी फुगीर लागलं होतं. काढायला लावलं, तर गरम पाण्याची पिशवी. मावशीने सगळ्यांदेखत ती मोरीत उपडी केली, पाणी बोटांनी ढवळलं, रबर उलटं करून पाहिलं. ठिपका नव्हता. "चल, पुढे," ती म्हणाली. लांब वेणीवालीने पिशवी पुन्हा कधी आणली नाही. त्यानंतर ती भिंतीला धरून चालायची, आणि पाच-सहा महिन्यांत काम सोडून गेली. मावशीने त्यावर फार विचार केला नाही. झडतीत असं व्हायचंच.

सुनेने त्या दिवसानंतर दुखण्याचं नाव काढलं नाही. माणूस गप्प झाला की मावशीचा संशय दुप्पट व्हायचा.

चार महिन्यांपूर्वी सून म्हणाली, दुकानाचं शिक्षण आहे, तीन दिवस बाहेरगावी जायचंय. मुलगाही त्याच तीन दिवसांत फेरीवर निघाला. सून परत आली ती किंचित वाकून चालत. स्वयंपाकघरात दोघी एकमेकींजवळून गेल्या, मावशीचा तळवा सहज तिच्या पोटाला लागला आणि कापडाखाली पट्टी कळली. हात खोटं बोलत नाहीत. भिंगं घासायचं शिक्षण घेताना पोटाला पट्टी कशी लागते? सापडल्या सापडल्या ओरडणारी झडतीवाली कच्ची. तिने फक्त डोळ्यांत तेल घातलं.

आणि मग त्या सोमवारी, सून कामावर आणि मुलगा फेरीवर गेल्यावर, मावशीने सुनेच्या कपाटातला खालचा खण उघडला. पहिल्यांदा नव्हे. हा खण ती अधूनमधून चाळायची, आणि चाळणं तिला गैर वाटत नसे. घर आपलं, कपाट आपलं, मुलगा आपला. कपड्यांच्या पहिल्याच घडीखाली, अगदी वरच म्हणावं अशा जागी, गोळ्यांची पट्टी होती. मागे वारांची नावं छापलेली. शनिवारपर्यंतच्या गोळ्या संपलेल्या, आणि रविवारचीही.

असल्या पट्ट्या मावशीने कामगारणींच्या पिशव्यांत शेकड्याने पाहिल्या होत्या. मूल राहू नये म्हणून बायका त्या घेतात. ती पलंगाच्या कडेला बसली. तीन वर्षं ती नातवंडाची वाट पाहत होती. तीन वर्षं सून दर महिन्याला डोळे पुसत न्हाणीघरातून बाहेर यायची, आणि मावशीला वाटायचं, निदान हे रडणं तरी खरं आहे. म्हणजे तेही सोंग! आणि ते तीन दिवस, ती पोटावरची पट्टी, ते वाकून चालणं? मावशीच्या डोक्यात सगळे ठिपके पटापट एका ओळीत बसले. पोट पाडलं हिने. माझं नातवंड पाडून आली आणि शिक्षण म्हणून सांगितलं.

तिला भयंकर राग आला, आणि रागाखाली, तिने कबूल केलं नसतं तरी, थोडा आनंद होता. बावीस वर्षांचे हात चुकले नव्हते. तिने पट्टी उचलली, खण ढकलून बंद केला आणि आपल्या पिशवीतून कारखान्याचं खाकी पाकीट काढलं. त्यावर ओळी छापलेल्या असतात. तारीख. वस्तू. कोणाकडे सापडली. घेणाऱ्याची सही. तिने सगळं नीट भरलं. तिसऱ्या ओळीत लिहिलं, "सून". मुलगा शुक्रवारी येणार होता. त्याच्यापुढे पाकीट ठेवायचं आणि म्हणायचं, बघ, कोणाला घरात घेऊन बसलायस ते. पुढचं तो ठरवेल. काय ठरवावं हे मावशीने ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी सुनेने खण उघडला आणि बराच वेळ ती तशीच उकिडवी बसून राहिली. मावशी दारातून तिरक्या डोळ्यांनी पाहत होती. हिने आता घर उलथंपालथं करायला हवं होतं, काहीतरी थाप मारून विचारायला हवं होतं. सुनेने तसलं काही केलं नाही. तिने मान वळवून मावशीकडे एकदा पाहिलं, खण लावला आणि औषधाच्या दुकानात गेली. परत येऊन ती फोनवर नवऱ्याला म्हणाली, "पट्टी हरवली माझी. दुकानदार म्हणतो मागवावी लागेल, शुक्रवार उजाडेल." हरवली म्हणे! चोराच्या मनात चांदणं, मावशीला वाटलं. हिला कळलंय, म्हणूनच ही मूग गिळून बसलीय.

मंगळवारी सून कामाला गेली. बुधवारी अर्ध्या दिवसातून परत आली, गरम पाण्याची पिशवी घेऊन आडवी झाली आणि घेतलेली वेदनाशामक गोळीही उलटीतून बाहेर पडली. मावशीने वाटीभर भात समोर ठेवला. सून तिच्याकडे नुसती पाहत राहायची. त्या पाहण्यात भीती नव्हती. वाट पाहणं होतं, आणि त्याच्यामागे काहीतरी मोडलेलं होतं. मावशीने आयुष्यभर लोकांच्या नजरा वाचल्या होत्या, पण ही नजर तिला वाचता येईना. तिने स्वतःला बजावलं, की नाटक मुरलं की असंच दिसतं.

गुरुवारी सकाळी न्हाणीघराच्या दाराशी काहीतरी आपटलं. सून फरशीवर कुशीवर पडली होती, तोंड पांढरंफटक, कपडे रक्ताने भिजलेले. ती ओरडत नव्हती. दात इतके आवळले होते की आवाजाला वाट नव्हती. मावशी खाली बसली, तिच्या पोटाशी हात नेला आणि हाताला जे कळलं त्याने तिचा जीव घाबरा झाला. पोट लाकडासारखं ताठ होतं आणि आतून लाटेसारखं थरथरत होतं. असं सोंग कोणाला करता येत नाही. हात खोटं बोलत नाहीत.

तिने मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, तिला तिच्या डॉक्टरीणबाईंकडे ने. स्टेशनसमोरचं हॉस्पिटल, दुसरा मजला. मी निघतोय."

"तिची डॉक्टरीण? तुला काय ठाऊक?"

"मला सगळं ठाऊक आहे गं. आधी ने तिला."

हॉस्पिटलात नर्सने सुनेचा सदरा वर केला तेव्हा मावशी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. पोटाची कातडी तपकिरी, जाळीजाळीची झाली होती. गरम पिशवीने वर्षानुवर्षं भाजून भाजून. बेंबीत आणि बाजूला बोटाच्या पेराएवढे भरलेले तीन व्रण. बावीस वर्षं मावशीने बायकांच्या अंगावरून हात फिरवले, पण कपड्यांवरून. कपड्यांखाली काय असतं ते तिने आज पहिल्यांदा पाहिलं. लांब वेणीवालीच्या पोटावर काय होतं, कोण जाणे.

इंजेक्शन दिल्यावर सुनेचे दात सुटले. डॉक्टरीणबाई मावशीला बाहेरच्या बाकावर घेऊन बसल्या. वयाने मुलीएवढ्या, पण बोलणं स्पष्ट.

"गोळ्या मधेच का बंद झाल्या, काकू?"

मावशीने पिशवी पोटाशी धरली. "तुम्हीच दिल्या होत्या का त्या? मूल न व्हायच्या?"

"मूल न होण्यासाठी नाही, दुखणं झोपवण्यासाठी. एंडोमेट्रिओसिस म्हणतात या आजाराला. गर्भाशयाच्या आत अस्तर असतं ना, जे दर महिन्याला गळून पडतं, तसलंच काहीतरी हिला बाहेर उगवलंय. बीजकोशावर, आतड्याच्या बाजूला. तेही महिन्याच्या महिन्याला सुजतं, रक्ताळतं, पण त्याला बाहेर यायला वाट नाही. मग ते तिथेच चिघळतं आणि आतले अवयव एकमेकांना चिकटवतं."

मावशीला डॉक्टरीणही सुनेच्या बाजूची वाटली. "मग इतकी वर्षं कोणाला कसं कळलं नाही? आणि हे टाके कसले?"

"कळत नाही, कारण बाई म्हणते दुखतंय, आणि सगळे म्हणतात सगळ्यांनाच दुखतं. दहातल्या एकीला साधारण हा आजार असतो. सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसतही नाही. ओळखेपर्यंतच कित्येकींची सात-आठ वर्षं जातात." दहातली एक. मावशीने मान खाली घातली. "टाके दुर्बिणीच्या ऑपरेशनचे. चार महिन्यांपूर्वी मीच केलं. बीजकोशावरची गाठ काढली, चिकटलेलं सोडवलं. ते परत वाढू नये म्हणून गोळ्या. घेतेय तोवर दिवस राहणार नाहीत, हे खरं. सहा-आठ महिन्यांनी थांबवून मुलासाठी प्रयत्न करायचा, असं आमचं तिघांचं ठरलंय. मुळापासून जाईल असं सांगत नाही मी. पण आटोक्यात राहतो, आणि मूल होण्याची आशाही चांगली आहे. मुलासाठीच तर तिने हे सगळं अंगावर घेतलं."

मावशी बाकावर बसून राहिली. तिला लाज वाटली. साधी, सरळ, कान तापवणारी लाज. तीन ओळी भरून सही केलेलं पाकीट पिशवीत होतं, आणि ते शुक्रवारपर्यंत जपायचं आता काही कारण उरलं नव्हतं.

ती आत गेली आणि पाकीट सुनेच्या हातापाशी ठेवलं. सुनेने छापलेल्या ओळी वाचल्या. "कोणाकडे सापडली, सून," ती हळू म्हणाली. "मला माहीत होतं तुम्हीच नेल्या. तुम्ही खण तपासता हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. घडी उलटी घालता तुम्ही."

"मग गोळ्या तिथे का ठेवल्यास गं? इतक्या वर?"

"तुम्हाला सापडाव्यात म्हणून. तोंडाने सांगितलं तर तुम्हाला खोटं वाटतं. हाताला लागलं की खरं वाटतं. हे म्हणाले, आईला सांगू नकोस, तिला पटायचं नाही. मी म्हटलं, सांगायचं नाही, सापडू द्यायचं." तिने डोळे मिटले. "पण आई, चिठ्ठी वाचूनही तुम्ही गोळ्या नेल्यात?"

"कसली चिठ्ठी?"

सुनेने डोळे उघडले आणि मावशीकडे पाहिलं. चार दिवसांची ती नजर मावशीला आत्ता उमगली. ही पोर चार दिवस सोसत होती ते असं समजून, की सासूने सगळं वाचलं, सगळं कळलं, आणि तरीही औषध काढून घेतलं.

"खणाच्या तळाला वर्तमानपत्र अंथरलंय," सून म्हणाली. "गोळ्यांच्या बरोबर खाली. त्या कागदाखाली."

"मी कागद उचलला नाही गं. शप्पथ. गोळ्या मिळाल्या आणि मी खण लावला."

"खरं?" सून म्हणाली.

एवढंच. हा प्रश्न मावशीने हजारो बायकांना याच आवाजात विचारला होता, आणि त्यांच्याकडे दाखवायला काही नसायचं तेव्हा त्या कशा उभ्या राहायच्या, ते तिने शेकडो वेळा पाहिलं होतं. आता ती तशीच उभी होती. बोललेलं कोण खरं मानणार? तिने तरी कधी मानलं होतं?

ती घरी गेली. चपला न काढता खण ओढला, घड्या बाजूला केल्या आणि वर्तमानपत्र उचललं. खाली पांढरं पाकीट होतं, वर "आईंसाठी", सुनेच्या बारीक अक्षरात. तोंड डिंकाने पक्कं बंद. एक सापडलं म्हणजे अर्धं सापडलं! मावशीने कपाळावर हात मारून घेतला. दारावरच्या पोरींना बजावून बजावून जीभ झिजली, आणि स्वतःच्या घरात स्वतःचाच नियम मोडला, तोही अशा माणसावर, की जिने तो नियम ऐकून त्याच्यावर भरवसा ठेवला होता.

तिने पाकीट फोडलं नाही. आत काय आहे ते कळावं म्हणून जीव तुटत होता, पण फोडलं असतं तर आपण चिठ्ठी वाचली नव्हती याचा पुरावाच तिच्याजवळ उरला नसता. बसमध्ये तिने ते दोन्ही हातांनी धरलं होतं, कडा दुमडू नयेत, तोंडाला घाम लागू नये म्हणून. शेजारच्या बाईला वाटलं असेल, म्हातारी कुणाचा रिपोर्ट घेऊन निघालीय.

सून उशीला टेकून बसली होती. मावशीने पाकीट तिच्या मांडीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकली. सुनेने ते दिव्याकडे धरलं. मग तोंडाच्या डिंकावरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, भिंगाची कड तपासतात तसा. मधे एका जागी ती थांबली. तिथे कागद जरा उचललेला होता. तिने नखाने पाहिलं. मावशीचा श्वास अडकला. बसमध्ये कुठे घासलं असेल का? हे कसं सिद्ध करायचं? सुनेने तो भाग पुन्हा दाबला, पुन्हा पाहिला. तो मूळचाच होता, घाईत नीट न चिकटलेला.

तिने पाकीट मावशीपुढे केलं. तिचा चेहरा अजून पांढरा होता आणि त्यात माफी होती की नव्हती, ते मावशीला वाचता आलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

"चला, पुढे," सून म्हणाली. "आता फोडा. माझ्यासमोर."